शिवेपलीकडे सोडलेलं डुक्कर

४ नोव्हेंबर १९४४, शनिवार

नवीन काम सुरू केलं की त्याचं टिपण ठेवावं, म्हणून ही वही शिवली. शकुन म्हणते, "लिहून काय डुकरं मोठे होतात काय?" बायकोला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे, आणि वाईट हे की पुष्कळदा ती खरी निघते. या वेळी निघणार नाही.

गोष्ट अशी. चांदूर रेल्वेला रुळापलीकडे गोऱ्या पलटणीची छावणी पडली आहे. तिला वांगी, कोबी, मुळे, पालक मी पुरवतो. मी म्हणजे सहदेव माळी, आमच्या घराण्यातला पहिला सातवी पास. मुदपाकाचा ठेकेदार ओमप्रकाश मागच्या आठवड्यात म्हणाला, "सहदेवभाई, सब्जी तो ठीक है. सूअर दे सकते हो क्या? साहब लोग रोज पूछते हैं." मी रामराम घालून निघालो खरा, पण तीन कोस बैलबंडीत बसून डोक्यात तेच घोळत राहिलं.

माळ्यानं डुकरं पाळली तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. देवळाचे हार आमच्या घरातून जातात. म्हणून जयवंताबाईला गाठलं. जयवंताबाई कैकाडीण, आमच्या भाजीची टोपली तीच विणते. बारा वर्षांपासून नाल्याच्या काठावर तिचं पाल आहे. नवरा वारला, पोरबाळ नाही. आठ डुकरं आणि एक गाढव, एवढंच काय ते तिचं. ठरलं असं की नाल्याकाठचा माझा पडीक तुकडा, कुंपण माझं, चारा मी आणायचा, डुकरं तिची आणि देखभाल तिची. नाव तिचं राहील, डोकं माझं चालेल.

ती लवकर कबूल होईना. म्हणाली, "सायदेव दादा, आतालोक हे आठ जीव मीनं कोनाच्या कुंपनात नाई घातले."

मी म्हणालो, "बाई, तुह्या डुकरायले काही झालं तं मी हाओ ना. जबाबदारी माही."

मग आली. बोललो ते लिहून ठेवतो, म्हणजे विसरायला नको.

७ नोव्हेंबर, मंगळवार

छावणीतून खरकट्याचे चार पिंप आणले. पावाचे तुकडे, बटाट्याची सालं, भाताचा गोळा आणि त्यात खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या गुलाबी साली. वास असा की बैलानं मान फिरवली. शकुननं मला अंगणातच अडवलं, विहिरीवर आंघोळ केल्यावर घरात घेतलं. पिंपावर पालक झाकून आणला होता, रस्त्यात कोणी विचारलं नाही.

जयवंताबाईचं एक खूळ निघालं. म्हणते, उष्टं आणलं की उकळल्याबिगर घालायचं नाही, तिच्या सासूचा दंडक आहे. मी म्हणालो, चार पिंप उकळायला जळणाच्या पऱ्हाट्या कुठून आणू? आमच्याच चुलीला पुरत नाहीत. "थंडंच घाल बाई. डुकराले का पंगतीत बसवाचं हाय?"

घातलं. डुकरांनी पिंप चाटून घासल्यासारखे स्वच्छ केले. ती मात्र गालाला हात लावून बसली होती. सासू मरून वीस वर्षं झाली, तरी दंडक चालूच आहे!

११ नोव्हेंबर, शनिवार

गावात ढोरांना खुरी लागली आहे. तोंडाला फोड, खुरांत जखमा, लाळेच्या तारा. गावाबाहेर ढोरं गोळा होतात त्या आखरावर निम्मी लंगडतात. पंजाबराव पाटलांनी आपली खिलारी जोडी आधीच मळ्यात नेऊन बांधली, ती वाचली आहे. मोठ्या माणसाला शहाणपण लवकर सुचतं, कारण त्याला दुसरा गोठा असतो.

दुपारी नत्थुजी गायकी आला. तो गावची ढोरं राखतो. आमच्याकडची जुनी रीत अशी की खुरी आली की एक काळं डुक्कर आखरावर ढोरांतून तीनदा फिरवायचं, आजार त्याच्या अंगावर घ्यायचा आणि त्याला शिवेपलीकडे सोडून द्यायचं. सोडलेल्या डुकराकडे वळून पाहायचं नाही, परत तर आणायचंच नाही.

नत्थुजीला हवी होती काळी डुकरीण, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. जयवंताबाईनं ती हातानं पेज पाजून वाढवली आहे. ती रडायलाच लागली. "दुसरं घ्या ना बाप्पा, हे नोको." दुसरं काळंभोर नव्हतं. मी तिला समजावलं, गावाची मर्जी राखली तर गाव आपल्याकडे डोळेझाक करेल. शेवटी तिनंच दोर लावून आणून दिली.

मला हा सगळा अडाणीपणा वाटतो. पण बोलायची सोय नाही.

१२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी तमाशा झाला. नत्थुजी पुढे, डुकरीण ओरडते आहे, लाळ गळणारी ढोरं तिला हुंगताहेत, बाया लिंबाच्या डहाळ्यांनी पाणी शिंपडताहेत. पाटील फेटा बांधून असे उभे की खुरीनं त्यांची परवानगी घेऊनच निघावं. नंतर तिला शिवेच्या दगडापलीकडे हाकललं आणि सगळे मागे न बघता परत आले.

मी मुळ्याच्या वाफ्यात उभा राहून हिशेब केला. पोसलेली डुकरीण, पलीकडच्या गावचे कुत्रे नाही तर लांडगे खातील. कशासाठी? नत्थुजीच्या मंत्रासाठी? चार वाजता दोर घेतला, नाल्यानं वळसा घातला आणि तिला बाभळीखाली धरलं. बिचारी मला पाहून उलट धावत आली. कुंपणात नेऊन सोडली. कोणाला दिसलं नाही.

जयवंताबाई टोपल्या देऊन आली तेव्हा तिला सांगितलं, आपल्या पायानं परत आली बघ. ती आधी गळ्यात पडली डुकरिणीच्या. मग तिच्या पायाकडे आणि नंतर माझ्याकडे पाहिलं.

"आपल्या पायानं आली तं पायाले दोर कोनं बांदला, दादा?"

दोर काढायचा राहिला होता. मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "सोडलेलं घरात घेऊ नाई. लोकायले समजलं तं मह्यावर येईन."

मी म्हणालो, समजतंय कशाला.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

डुकरीण खात नाही. तोंडाला फेस आहे, मागच्या पायानं लंगडते. थंडीनं असेल. कालपासून गारवा फार आहे. आणखी एक नर कोपऱ्यात कोरड्या गवतात डोकं खुपसून पडला आहे, पण त्याला फेस नाही.

ओमप्रकाशला पहिली खेप पुढच्या शनिवारी द्यायची आहे. जयवंताबाईला ही आठवण करून दिली. ती डुकरिणीचं तोंड पुसत राहिली.

१९ नोव्हेंबर, रविवार

जिवाला चैन नाही. दिवसातून सहा वेळा कुंपणाकडे जातो आणि प्रत्येक वेळी वाटतं, आता बरी दिसतील.

मला समजत नाही ते असं. चौघांच्या नाकपुडीवर आणि खुरांत फोड आहेत. हे खुरीसारखं. पण नराला फोड नाहीत, त्याचे कान जांभळे पडले आहेत आणि पोटावर तसेच डाग आहेत, चालताना मागचा भाग झोकांड्या खातो. आणि दोघांना फोडही आहेत आणि जांभळंही आहे. एकच आजार तीन तोंडांनी कसा बोलेल? खुरी म्हणावं तर जांभळं कुठून? थंडी म्हणावी तर फोड कुठून?

तुरटीच्या पाण्यानं तोंडं धुतली, हळद-तेल लावलं. जयवंताबाई रात्रंदिवस तिथंच बसते आहे. मी विचारलं, तुझे अकोल्याचे भाऊबंद मागच्या महिन्यात आले होते, त्यांच्याच पायांनी तर नाही ना हे आलं? तिनं उत्तर दिलं नाही. उत्तर न देण्याचा अर्थ काय घ्यायचा? शकुन म्हणाली, "तुमी इचारलं तसं कोनी मले इचारलं असतं तं मी बी बोलली नसती."

२१ नोव्हेंबर, मंगळवार

नर मेला. दुपारी एक लहान मादी मेली.

पाटलांच्या खिलारी जोडीला खुरी लागली. मळ्यातली ढोरं नाल्यावर पाणी प्यायला येतात, माझ्या कुंपणाच्या खालच्या अंगाला. ऐन हरभऱ्याच्या पेरणीत जोडी आडवी. गावात कुजबुज सुरू झाली आहे की सोडलेलं डुक्कर कोणीतरी परत आणलं, म्हणून आजार उलटला. कोणी म्हणजे कोण, ते कोणी बोलत नाही. पण सगळे नाल्याच्या दिशेनं पाहतात.

जेवण गेलं नाही.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

आणखी तीन गेली. ठिपकेवाली अजून जिवंत आहे. गंमत अशी की तिच्या खुरांच्या जखमा भरत आल्या होत्या, आणि आज कान जांभळे झाले.

सकाळी नत्थुजी चार माणसं घेऊन आला आणि कुंपणात ती डुकरीण त्याला दिसली. झालं! तो जयवंताबाईवर असा धावून गेला की मीच मधे पडलो. "काहून आनली परत? गावाचे ढोरं मारतं काय, बाई?" ती म्हणाली, "मीनं नाई आनली." "मंग कोनं आनली? उडत आली काय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नत्थुजी, जाऊ द्या, बाईमाणूस हाय." मी तिची बाजू घेतली असंच सगळ्यांना वाटलं असेल. मलाही त्या वेळी तसंच वाटलं. पण मी हेही म्हणालो नाही की तिनं नाही आणली.

रविवारी चावडी भरणार आहे. पाल उठवायचं, असं बोलणं आहे.

उद्या अमरावतीला जातो, ढोरांच्या डाक्टरला आणायला.

२५ नोव्हेंबर, शनिवार

केशवराव डाक्टर माझ्याबरोबरच आले. वय झालेला माणूस, बोलणं पुण्याकडचं. मेलेलं एक डुक्कर उकरून काढून चिरलं, आतड्यात आणि गुर्द्यात बारीक लाल ठिपके दाखवले. मग जिवंत तिघांची तोंडं उघडून पाहिली आणि हात धुवून माझ्याकडे वळले.

"केव्हा काय घातलं, केव्हा कुठलं जनावर आत आलं, काही आठवतं का?"

मी छाती काढून म्हणालो, आठवायचं कशाला, सगळं लिहिलेलं आहे. आणि ही वही त्यांच्या हातात दिली. मला वाटलं शाबासकी मिळेल. माणूस किती बयताड असावा!

त्यांनी सावकाश वाचलं. ७ तारखेच्या पानावर बोट ठेवलं, १२ च्या पानावर बोट ठेवलं.

"रोग एक नाही, दोन आहेत," ते म्हणाले. "फोड खुरीचे. ते तुझ्या डुकरिणीनं आखरावरून आणले. जांभळे डाग हा डुकरांचा स्वतःचा ताप. तो बहुतेक त्या खारवलेल्या सालींतून आला. हा मी पुस्तकात वाचला होता, डोळ्यांनी आज पाहतोय. दोन्हींचं विष इतकं बारीक की भिंगातून दिसत नाही, चिनी मातीच्या गाळणीतूनही पार होतं. नुसती खुरी असती तर यातली बरीचशी बरी झाली असती. दोन्ही एकाच अंगात शिरल्यावर जनावर लढणार कुणाशी?"

मी विचारलं, साली उकळल्या असत्या तर?

"तर एक दार बंद झालं असतं. त्या बाईची सासू शहाणी होती."

"अन् डुकरीण?"

"तुमच्या म्हाताऱ्यांनी कारण चुकीचं सांगितलं. ढोरांत फिरवून आजार जात नाही, उलट डुकराला लागतो. पण परत आणू नका, हा नियम सोन्यासारखा होता. तेवढाच तू मोडलास. आणि खुरी झालेलं डुक्कर श्वासातून जितकं विष सोडतं तितकं दहा बैल सोडत नाहीत. पाटलांची जोडी नाल्यावर येते ना?"

जयवंताबाई थोड्या अंतरावर उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मला वाटलं आता ही मला फाडून खाईल. ती एवढंच म्हणाली, "मह्या भाऊबंदाइनं नाई ना आनलं, डाक्टरसायेब?"

"नाही बाई."

ती डोळे पुसत आत गेली आणि उरलेल्या तिघांना पाणी पाजायला लागली. डाक्टरांनी सांगितलं, तिघंही जगणार नाहीत, खोल पुरा आणि वर चुना टाका. जाताना मला म्हणाले, "त्या बाईवर आळ आहे असं ऐकतो. मला चांदूरला जावं लागतंय. उद्या चावडीत ही वही वाचून दाखव. दुसरा पुरावा काही नाही."

मी हो म्हणालो. खरंच म्हणालो.

२६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी पाटलांच्या जोडीतला डावा बैल मेला. हे आधी लिहितो, कारण नंतरचं त्यामुळेच झालं, असं मी स्वतःला सांगतो आहे.

चावडी गच्च भरली होती. पाटील भिंतीला टेकून बसले होते, डोळे लाल. एवढ्या रुबाबाच्या माणसाला बैलासाठी रडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. जयवंताबाई बाहेर ओट्याखाली उभी. नत्थुजीनं कुंपणात दिसलं ते सगळं सांगितलं. पाटलांनी विचारलं, "बाई, तुले काय म्हनाचं हाय?"

"मीनं नाई आनली," ती म्हणाली. "सायदेव दादायले इचारा. त्याइच्या वहीत हाय."

सगळ्या माना माझ्याकडे. मी वही उघडली. ४ तारीख वाचली. जबाबदारी माझी म्हणालो होतो, तेही वाचलं. मग बोट ओलं करून ७ तारीख उलटली आणि छावणीचं खरकटं, साली, ते न उकळता घातलं, सगळं वाचलं. हंगामा झाला. "गोऱ्याइचं उष्टं पालकाखाली झाकून आनते अन् त्याच हातानं देवाले हार गुंफते!" कोणी थुंकलं. देवळाचे हार बंद, हे तिथंच ठरलं. मी मान खाली घालून ऐकलं. मला वाटलं, बघा, मी कबूल केलं ना! एवढं सोसलं ना!

मग पुढचं पान.

त्या पानाच्या दोन बाजूंना ११ आणि १२. त्यात दोर आहे, बाभूळ आहे, ‘कोणाला दिसलं नाही’ हेही आहे. पाटलांच्या फेट्याची थट्टा आहे. आणि पाटील समोर बसलेले, सकाळीच बैल पुरून आलेले.

मी दोन पानं एकदम उलटली आणि १६ तारखेपासून वाचू लागलो. "डुकरीण खात नाही. तोंडाला फेस आहे..." आवाज चांगला खणखणीत निघाला.

वाचून झाल्यावर पाटील म्हणाले, "पन परत कोनं आनली हे तं नाईच आलं."

मी म्हणालो, "तेवढं माह्या वहीत नाई."

निकाल झाला. मला खरकट्याबद्दल देवळाची बंदी. जयवंताबाईनं उद्या दुपारच्या आत पाल उठवायचं, तिची टोपली गावात कोणी घ्यायची नाही. ती ओट्याखाली उभीच होती. तिनं भांडण केलं नाही, शाप दिला नाही.

घरी शकुननं विचारलं, काय झालं? मी सांगितलं. पान उलटल्याचं सांगितलं नाही. तिलाही नाही.

२७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी नाल्यावर गेलो. तिघं मेली होती, ठिपकेवालीसुद्धा. खड्डा तिनं एकटीनंच खणला होता. मी चुना टाकला. कुदळ मागितली तर तिनं दिली नाही.

पाल सोडून तिनं गाढवावर बांधलं होतं. अकोल्याला भाऊ गोवर्धन आहे, त्याच्याकडे जाते म्हणाली. मी म्हणालो, चांदूरपर्यंत बंडीनं सोडून देतो. "नोको," म्हणाली, "गाढव चालते."

मला काहीतरी बोलायचं होतं. काय ते माझं मला ठाऊक होतं. पण भलतंच विचारलं, टोपल्या किती राहिल्या आहेत.

तिनं गाढवाच्या पाठीवरचा दोर आवळला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मले वाचता नाई येत, दादा. पन मी पाहून राह्यली होती. तुमी बोट ओलं करून एकेक पान पलटवत होते. एकदा दोन पलटवले."



मी म्हणालो, "चिकटले असतीन."

"असतीन," ती म्हणाली, आणि गाढव हाकललं.

ती रेल्वेच्या वाटेला लागून दिसेनाशी होईपर्यंत मी उभा होतो. दुपारी मुळ्याला पाणी दिलं. शकुननं वाढलं ते जेवलो.

आत्ता वही काढून बघितलं. पानं चिकटलेली नाहीत.